रायगड किनाऱ्यावरील हवामान आणि हायब्रिड मोटारीचा इंधनखर्च

हायब्रिड, म्हणजे संकरित, मोटारगाडीचे मोल ग्राहकासमोर सामान्यतः एकाच आकड्यात मांडले जाते. 2022 साली भारतात विक्रीस आलेल्या मारुती ग्रँड विटाराच्या हायब्रिड प्रकारासाठी हा आकडा लीटरला 27.97 किलोमीटर, तर त्याच वर्षीच्या होंडा सिटीच्या हायब्रिड प्रकारासाठी 26.5 किलोमीटर होता. हे आकडे खोटे नव्हेत. मात्र ते प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, 1180 सेकंदांच्या ठरावीक चालीत, ताशी 90 किलोमीटरची कमाल मर्यादा पाळून आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवून मिळविलेले आहेत. आषाढात पेण-वडखळमार्गे अलिबागला किंवा माणगावहून श्रीवर्धनला निघालेल्या गाडीस यांपैकी फारच थोड्या अटी लागू पडतात.

या गाडीची बचत मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते. पेट्रोलचे इंजिन ज्या मंद गतीत अकार्यक्षम ठरते तेथे ते बंद ठेवून विद्युत् मोटरीने चाके फिरवावयाची, ही पहिली. आणि गती कमी करताना एरवी ब्रेकमध्ये उष्णतारूपाने वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही अंश बॅटरीत परत आणावयाचा, ही दुसरी. बॅटरी मात्र लहान असते. ग्रँड विटारातील बॅटरीची क्षमता सुमारे 0.76 किलोवॉट-तास आहे आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून तिच्यातील साधारण निम्माच भाग प्रत्यक्ष वापरात येतो. पुढील सर्व विवेचनाची किल्ली या लहानपणात आहे.

पाश्चात्त्य लेखनात हायब्रिड मोटारीचा शत्रू म्हणून थंडीचा उल्लेख येतो. तेथे बॅटरी गारठते, आणि गाडीच्या आतील भागास ऊब मिळावी म्हणून इंजिन विनाकारण चालू ठेवावे लागते. कोकणात हा प्रश्न उद्भवत नाही. येथील शत्रू दमटपणा आहे, आणि त्याचे बळ तापमापकावर दिसत नाही. एक हिशेब पाहण्याजोगा आहे. बाहेरची हवा 30 अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असताना ती 12 अंशांपर्यंत थंड करावयाची झाल्यास दर किलोग्रॅम हवेमागे सुमारे 50 किलोज्यूल उष्णता काढून टाकावी लागते. यांपैकी केवळ 18 हवा गार करण्यात जातात. उरलेले 32 तिच्यातील सुमारे 13 ग्रॅम बाष्पाचे पाणी करण्यात खर्ची पडतात. याउलट देशावरच्या वैशाखातील 40 अंशांची, 15 टक्के आर्द्रतेची हवा तितकीच थंड करण्यास सुमारे 28 किलोज्यूल पुरतात, कारण तेथे बाष्प गोठतच नाही, म्हणजे त्याचे पाणी होत नाही. उन्हाने तापणाऱ्या टपाचा व काचांचा भार अर्थात वेगळा धरावा लागेल. परंतु बाहेरून आत घेतलेल्या हवेपुरते पाहिल्यास मुरुडचा जुलै सोलापूरच्या मेपेक्षा महाग पडतो. शिवाय पावसात समोरच्या काचेवर आतून धुके धरते, ते घालविण्यास वातानुकूलन लागतेच. गारवा नको असला तरी यंत्र बंद करता येत नाही.

वाहतूक तुंबलेली असताना याचा परिणाम स्पष्ट होतो. इंजिन बंद असले तरी विजेवर चालणारा काँप्रेसर बॅटरीतून सरासरी दीड किलोवॉट घेत राहिला, तर वापरता येण्याजोगा साठा पंधरा मिनिटांत संपतो आणि इंजिन सुरू होते. चालकास ही गाडीतील खोड वाटते. वस्तुतः तो निव्वळ हिशेब आहे. तरीही येथे हायब्रिडचीच सरशी होते. इंजिन अधूनमधूनच, पण योग्य भाराखाली चालत असल्याने तासाला अर्ध्या लीटरच्या आसपास पेट्रोलवर भागते. साधे इंजिन उभ्या गाडीत वातानुकूलनासह याच वेळात सुमारे एक लीटर पिते.

ओल्या रस्त्याची गोष्ट निराळी. टायरला पाण्याचा थर बाजूला सारावा लागतो, टायर थंड राहिल्याने त्याचा रोध वाढतो, आणि खड्ड्यांमुळे गती वारंवार मोडते. ही मोडलेली गती बॅटरीत परत यावी अशी अपेक्षा असते. परंतु खड्ड्यावरून जाताना चाक किंचित घसरले की सुरक्षिततेसाठी अनेक गाड्यांची यंत्रणा ऊर्जा परत घेणे तात्पुरते थांबवून साध्या ब्रेकवर येते. ज्या दिवसांत या सोयीची गरज सर्वाधिक, त्याच दिवसांत तिचा हात आखडतो.

घाटांबाबतही असाच विवेक करावा लागतो. 1,400 किलोग्रॅमची गाडी 100 मीटर खाली उतरली तर सुमारे 0.38 किलोवॉट-तास स्थितिज ऊर्जा मोकळी होते. चाकांचा व हवेचा रोध वजा जाता त्यातील निम्मी बॅटरीत येते, आणि ती तेथे सहज मावते. अलिबागच्या वाटेवरील कार्लेखिंडीसारखे छोटे चढउतार म्हणून या गाडीस मानवतात. बोरघाटातून खोपोलीस किंवा ताम्हिणीतून माणगावच्या बाजूस उतरताना मात्र सुमारे 500 मीटरांची उंची सुटते. परत मिळू शकणारी ऊर्जा एक किलोवॉट-तासाच्या घरात जाते आणि बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. पुढचा उतार इंजिनाच्या रोधावर व ब्रेकवरच काढावा लागतो.

उरला वेग. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेल्या, सुमारे 21.8 किलोमीटर लांबीच्या शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूवर मोटारींना ताशी 100 किलोमीटरची मुभा देण्यात आली. पावसाळ्यात तेथून मुंबईकडे परतताना पश्चिमेचा वारा समोरून येतो. गाडीचा वेग ताशी 80 आणि समोरचा वारा 20 किलोमीटर असला, तरी रोध दीडपटीहून अधिक होतो. अशा सलग वेगात ब्रेक लागत नाही, इंजिन थांबत नाही, आणि हायब्रिडची दोन्ही वैशिष्ट्ये निष्क्रिय राहतात; तिच्यापाशी काटकसरी इंजिन तेवढे उरते.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात तुंबलेल्या रस्त्यावर हायब्रिड आणि साध्या मोटारीच्या इंधनखर्चात जे अंतर पडत असे, ते रस्ता मोकळा होऊन वेग वाढेल तसतसे कमी होत जाईल. गाडीची जादा किंमत किती वर्षांत भरून निघेल याचा हिशेब करणाऱ्याने म्हणून छापील आकड्यांची वजाबाकी करू नये. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच ऋतूत, टाकी काठोकाठ भरून पुन्हा भरेपर्यंत चालवून पाहाव्यात, आणि त्यांतील एक फेरी तरी जुलैची असावी.