सांगितलेलं घर
(लेखमाला : पाहुणा आला घरी, लेखांक ६)

मागच्या आठवड्यात चाकाच्या खुर्चीसाठी उतार कसा करायचा ते पाहिलं. ते वाचून कोकणात होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काय बांधू?" बांधायचं फार थोडं आहे, ताई. सांगायचं पुष्कळ आहे, आणि एकदा सांगितलं की ते जागचं हलवायचं नाही.

माझ्या मामांना काचबिंदू आहे. गुहागरच्या बाजूला एका घरी आम्ही उतरलो होतो. सकाळी मामा पडवीत बसून वर्तमानपत्राचे मथळे वाचत होते आणि तासाभरानं त्याच पडवीतल्या स्टुलाला अडखळून पडले. यजमान गोंधळले : यांना दिसतं की नाही? हा गोंधळ फार ठिकाणी होतो. काचबिंदू बहुधा आधी कडेची नजर नेतो. समोरचं अक्षर दिसतं, पायाजवळचं स्टूल दिसत नाही. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये याच्या उलट होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, त्यामुळे माणूस अंगणातून नीट चालत येतो, पण तुमचा चेहरा आणि बिलावरचा आकडा त्याला लागत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेला पाहुणा दुपारी एकटा समुद्रावर जाऊन येईल आणि दिवेलागणीनंतर त्याला न्हाणीघराचं दार सापडणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, दृष्टिक्षेत्र (नजरेचा आवाका) १० अंशांहून कमी असेल तर ते अंधत्वच धरलं आहे. म्हणून पाहुण्याची परीक्षा घेऊ नका. "काय सांगून ठेवू?" एवढं विचारा.

सांगणं पाहुणा निघण्याआधीच सुरू होतं. जेवणाच्या यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर फोनचा पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक तिथे अनेकदा अडतं. तीच यादी टाइप करून पाठवा, किंवा सरळ आवाजी निरोप पाठवा : एसटी कुठे थांबते, पाखाडीला पायऱ्या किती, कठडा कुठल्या हाताला, घरात कुत्रा आहे का.

पाहुणा आला की त्याचा हात धरून ओढू नका. तुमचं कोपर पुढे करा. तो कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून येईल. "तीन पायऱ्या वर", "आता उंबरठा" असं बोलत चला. बसवताना त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवा, बसायचं तो बघेल. आणि खोलीतून जाताना "मी जातो" म्हणा. रिकाम्या खोलीशी बोलत राहायची वेळ कोणावर येऊ नये.

खोली एकदा हाताने दाखवायची : दारापासून डावीकडे भिंतीने पलंग, मग खिडकी, मग न्हाणीघर, गिझरचं बटण कुठे, गरम पाण्याचा नळ कुठला. खोल्या ओळीने असतील तर पाहुण्याच्या दाराच्या कडीला सुतळीची गाठ मारा. शाम्पू आणि तेलाच्या बाटल्या सारख्याच असतील तर शाम्पूला रबरबँड लावा. यानंतरचा भाग अवघड, कारण इथे आपली चांगली सवय आड येते. मामांच्या खोलीत दुसऱ्या दिवशी कोणीतरी प्रेमाने आवराआवर केली. बादली दुसऱ्या कोपऱ्यात गेली, चपला पलंगाखाली, आणि न्हाणीघराचं दार अर्धं उघडं राहिलं. अर्ध्या उघड्या दाराची धार थेट कपाळावर येते. दार पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद. झाडू मारा, पण वस्तू होती तिथेच परत ठेवा.

अंगणात आणखी एक गोष्ट बघायची. पांढरी काठी जमिनीवरचं शोधते. कमरेच्या वरचं तिला कळत नाही. कपडे वाळत घालायची तार गळ्याच्या उंचीवर असते, खिडकीची झडप बाहेर उघडते, आंब्याची फांदी वाटेवर झुकलेली असते. तार वाटेवरून काढून परसात न्या. जांभ्याच्या पायऱ्या एकाच रंगाच्या असतात, त्यात कड विरून जाते. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढा. पायाला खूण म्हणून पायऱ्यांच्या आधी काथ्याची चटई ठेवायची असेल तर ती पक्की ठोकून बसवा, सुटी चटई स्वतःच पाडते. ब्रेल फलक जरूर लावा, पण उतारवयात नजर गेलेल्या पुष्कळांना ब्रेल येत नाही, तेव्हा त्यावर सगळं सोडू नका.

जेवणाच्या बाबतीत आपल्याकडे आयतं शहाणपण आहे. घड्याळाच्या आकड्यांवरून ताटातल्या जागा सांगायची पद्धत जगात रूढ आहे. मराठी ताटाला ती लागत नाही. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्या क्रमाने वाढा आणि तोंडाने एकदा सांगा. मामा गुहागरच्या त्या घरी सगळं जेवण कोणाला न विचारता जेवले, कारण तिथल्या आजींनी पान जुन्या रीतीने वाढलं होतं. बांगडा असेल तर काट्यांबद्दल सांगा. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात थोडी नजर असलेल्याला दिसत नाही. केळीच्या पानावर तोच उठून दिसतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी राहून चालणार नाही, त्यांतले किमान नियम बंधनकारक हवेत. २०१६च्या कायद्यात खासगी सेवा देणारेही येतात.

स्वतःच्या डोळ्यांना पट्टी बांधून घराची चाचणी घेऊ नका. त्यातून तुमची भीती कळेल, वर्षानुवर्षं न बघता वावरणाऱ्या माणसाचं कसब कळणार नाही. जवळपासच्या एखाद्या अंध व्यक्तीला दोन दिवस बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि ते फिरत असताना मागून वही घेऊन चाला. दिवाळीचे पाहुणे यायच्या आत हे करा. पायऱ्यांवरचा रंग वाळायलाही दोन दिवस लागतात.