राजाने सूर्याला दिले हात

शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत नेणारा काळा किडा कधी पाहिलाय? प्राचीन इजिप्तमधल्या लोकांना वाटायचं, अशाच एका किड्याच्या रूपातला देव रोज सकाळी सूर्याचा गोळा ढकलत ढकलत आभाळात आणतो. त्याचं नाव खेप्री. दुपारी तोच सूर्य ‘रा’ व्हायचा आणि संध्याकाळी दमलाभागला ‘आतुम’. रात्रीची गंमत तर विचारूच नका! रा नावेत बसून पाताळातून निघायचा. रात्रीचे बारा तास म्हणजे प्रवासाचे बारा टप्पे. वाटेत अपेप नावाचा अजस्र साप टपलेलाच. रोज लढाई, रोज सापाची हार, म्हणून रोज सकाळ! (पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे खरंच आहे, पण गोष्ट म्हणून मला सापवालीच जास्त आवडते.)

आणि हा एकटा रा नव्हे बरं का. कोणाला ससाण्याचं डोकं, कोणाला कोल्ह्याचं, कोणी मांजरीच्या रूपात... इजिप्तमध्ये देवच देव होते. त्यांत सगळ्यांत मोठा मान आमुनचा. कर्नाकला त्याचं भलंमोठं देऊळ, देवळाकडे शेतजमिनी, गुरंढोरं, सोनं, आणि पुजाऱ्यांचा थाट तर राजासारखा.

अशात इ.स.पू. १३५३च्या सुमारास चौथा आमेनहोतेप गादीवर बसला. त्याने एके काळी कोणी फारसं न विचारलेला एक देव निवडला : आतेन. आतेन म्हणजे आभाळात दिसते ती सूर्याची तबकडी. ना चोच, ना शेपूट, ना माणसाचं अंग. चित्रात नुसता गोल आणि त्यातून खाली येणारे किरण. पण त्या किरणांची टोकं नीट बघा. प्रत्येक किरणाला इवलासा हात! त्यांतले काही हात राजा-राणीच्या नाकापाशी ‘अंख’ धरतात. अंख म्हणजे जीवनाची खूण. जणू सूर्य म्हणतोय, घ्या, श्वास घ्या.

मात्र हा अंख मिळतो फक्त राजाला, राणी नेफरतितीला आणि त्यांच्या घरच्यांना. तुमच्या-आमच्यासारख्यांच्या नाकापाशी एकही हात येत नाही. ऊन सगळ्यांना, पण देवाशी बोलणं राजामार्फत! आमुनच्या पुजाऱ्यांना बाजूला सारायची ही नामी युक्ती होती, असं मला तरी वाटतं.

राजाने स्वतःचं नाव बदललं, अखेनातेन केलं. कैरोच्या दक्षिणेला सुमारे ३०० किलोमीटरवर, नाईलकाठच्या ओसाड जागी नवी राजधानी वसवली. आज त्या जागेला आमार्ना म्हणतात. जुन्या देवळांत देवाची खोली अंधारी, दार बंद. इथल्या आतेनच्या देवळांना मात्र छप्परच नाही! उघड्या अंगणात शेकडो वेद्या आणि वर रणरणतं ऊन. याच शहरात सापडलेल्या मातीच्या एका पाटीवर अश्शूरच्या राजाने इजिप्तच्या राजाकडे चक्क तक्रार केली आहे, की माझ्या दूतांना तुम्ही उन्हात का उभं करता, ते मरतील की!

पुढे राजाने छिन्नी घेतलेली माणसं देशभर पाठवली. आमुनचं नाव दिसेल तिथे खरवडून काढा, असा हुकूम. राजाच्या स्वतःच्या वडिलांच्या नावातही ‘आमेन’ म्हणजे आमुनच होता. तोही खरवडला!

एकच देव मानणारा जगातला पहिला राजा, असं अखेनातेनला पुष्कळ जण म्हणतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. आणि प्रजेचं म्हणाल, तर आमार्नातल्याच कामगारांच्या घरांत बेसची चित्रं आणि ताईत सापडलेत. बेस म्हणजे जीभ बाहेर काढणारा बुटका देव, लेकराबाळांचा राखणदार. ताईत पाणघोड्याच्या रूपातल्या तावेरेतचेही मिळाले. ती बाळंतिणींना सांभाळणारी. राजाचा देव राजवाड्यात, आपला देव आपल्या घरात!

सतरा वर्षं राज्य करून अखेनातेन वारला. थोड्याच काळात आठ-नऊ वर्षांचा तुतनखातेन गादीवर आला. त्याचा झाला तुतनखामुन, आणि आमुन परतला. मग होरेमहेब राजाने कर्नाकमधली आतेनची देवळं पाडली. ती देवळं एका माणसाला उचलता येतील अशा छोट्या दगडांची होती, साधारण ५२ सेंटिमीटर लांबीच्या. हे दगड आमुनच्या देवळाच्या नव्या प्रचंड दरवाजांच्या पोटात भर म्हणून कोंबले. झालं काय, ऊन-वारा न लागल्यामुळे दगडांवरची चित्रं टिकली, कुठे कुठे तर रंगसुद्धा! १९६०च्या दशकात संशोधकांनी हजारो दगडांचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरच्या मदतीने कोणता तुकडा कोणाशेजारी बसतो ते शोधलं.

अबायडोसच्या देवळात सेती राजाने कोरलेली जुन्या राजांची यादी आहे. तिच्यात अखेनातेनचं नाव नाही, तुतनखामुनचंही नाही. पण तुतनखामुनच्या सोन्याच्या सिंहासनाचा फोटो पुस्तकात किंवा इंटरनेटवर शोधा. पाठीच्या फळीवर राजा-राणीच्या डोक्यावर काय तळपतंय ते बघा, आणि त्याचे हात मोजून आम्हाला कळवा.