डालेकचा आवाज आणि पीटर हॉकिन्स

बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा-मालिकेतला डालेक म्हणजे जवळजवळ पुरुषभर उंचीचा, जमिनीवरून सरकत येणारा धातूचा रांजण. त्याला चेहरा नाही. हात म्हणायला दोन दांडे. मुले सोफ्यामागे लपत ती मुख्यतः त्याच्या आवाजाने. २८ डिसेंबर १९६३ रोजी डालेक प्रथम बोलला. या आवाजाविषयी लिहिताना बहुतेक जण आधी रिंग मॉड्युलेटर या यंत्राचे नाव घेतात. पीटर हॉकिन्स हे नाव मागून येते, किंवा येतच नाही. हा क्रम मला मान्य नाही.

यंत्र काय करते ते आधी पाहू. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधील ब्रायन हॉजसन यांनी नटाच्या आवाजाचा साधारण ३० हर्ट्झच्या लहरीशी गुणाकार करवला. आवाजात २००, ४००, ६०० हर्ट्झचे स्वर असतील तर प्रत्येकाच्या जागी बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते : १७० आणि २३०, ३७० आणि ४३०, ५७० आणि ६३०. मूळच्या स्वरांचे एकमेकांशी असलेले पटीचे नाते त्यामुळे तुटते आणि आवाज खरखरीत, निर्जीव होतो. पण ३० हर्ट्झचे एक आंदोलन पुरे व्हायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो. 'ट' किंवा 'क'सारखे झटकन संपणारे व्यंजन तेवढ्यात निसटून जाते. परिणाम खरा जाणवतो तो लांबवलेल्या स्वरावर. आपण नेहमीसारखे घाईने बोललो तर हेच यंत्र आपला आवाज फक्त बिघडल्यासारखा करील.

हॉकिन्स आणि त्यांचे सहकारी डेव्हिड ग्रॅहम यांनी नेमके येथेच काम केले. त्यांनी शब्दांची अक्षरे सुटी केली, प्रत्येकावर सारखाच आघात दिला, स्वर ताणले आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणण्याऐवजी चढवत नेला. डालेक चिडतो, घाबरतो, उन्मादाने किंचाळतो. ते सारे या चढणीतून कळते. दोघे चित्रीकरणाच्या वेळीच बाजूला बसून माईकवर बोलत. रांजणाच्या आत बसलेला दुसरा नट त्या बोलण्याच्या तालावर डोक्यावरचे दिवे लुकलुकवी. एका पात्रासाठी दोन माणसे, आणि दिसत एकही नाही!

हॉकिन्स यांचा जन्म ३ एप्रिल १९२४चा, लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्लिश खाडीत 'लिंबोर्न' ही विनाशिका बुडाली, तीतून ते वाचले. पुढे नाट्यशिक्षण, आणि १९५० पासून 'व्हर्लिगिग' या मुलांच्या कार्यक्रमात मिस्टर टर्निप या कळसूत्री बाहुलीचा आवाज.

त्यांची खरी कमाल मात्र १९५२च्या 'फ्लॉवर पॉट मेन'मध्ये दिसते. बिल आणि बेन ही कुंड्यांची दोन माणसे. माळी जेवायला गेला की बाहेर येणारी. त्यांची भाषा इंग्रजी नव्हे आणि निव्वळ बडबडही नव्हे. हॉकिन्स यांनी इंग्रजीचे हेल आणि लय जवळजवळ तशीच ठेवली, शब्द मात्र बोबडे करून वितळवले. त्यामुळे अर्थ कळल्यासारखा वाटतो, पण हाती लागत नाही. अशाने मुलांचे बोलणे बिघडेल, अशी टीका झाली. मला ही टीका त्यांच्या बाजूचा पुरावाच वाटते. निरर्थक आवाजाला कोणी भाषेचा शत्रू मानत नाही.

१९५७ मध्ये जॉन रायन यांचा 'कॅप्टन पगवॉश' आला. पुठ्ठ्याच्या आकृत्या, मागून हाताने ओढायच्या पट्ट्या, हलते ते फारतर तोंड किंवा डोळे. भित्रा कप्तान, त्याचा वैरी, खलाशी, हुशार पोरगा टॉम हे सगळे आवाज एकट्या हॉकिन्स यांचे. येथे कोणतेही यंत्र नव्हते. जी हालचाल पुठ्ठ्यात नाही ती आवाजाने भरून काढायची होती.

१९६७ मध्ये गोष्ट उलट झाली. 'डॉक्टर हू'मधल्याच सायबरमेन या यंत्रमानवांसाठी त्यांनी तोंडात एक विद्युत्-पट्टी धरली. नाद ती पट्टी काढी, गळा गप्प. शब्द घडवायला उरले फक्त जीभ, ओठ आणि टाळू. डालेकमध्ये यंत्र नटाच्या आवाजानंतर येते, येथे आधी. दोन्ही ठिकाणी उच्चार माणसाचाच.

त्याच सुमारास डालेकचे काम रॉय स्केल्टन यांच्याकडेही गेले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'रेनबो'तील झिपी या बाहुलीचेही तसेच झाले : पहिले हॉकिन्स, मग स्केल्टन. १९८०च्या दशकात 'सुपरटेड'चे निवेदन हॉकिन्स यांनी केले. त्यांचा मुलगा सायलस हाही आवाजाच्याच व्यवसायात आला.

२००५ मध्ये 'डॉक्टर हू' पुन्हा सुरू झाली, तेव्हा डालेकसाठी निकोलस ब्रिग्ज बोलू लागले. रिंग मॉड्युलेटर होताच. अक्षरे सुटी करून आवाज चढवत नेण्याची ती जुनी रीतही होती. पुढच्या वर्षी, ८ जुलै २००६ रोजी, हॉकिन्स वारले.