आमची खारजमीन

आमचे गाव खारेपाटात आहे. भातशेतीला लागूनच खाडी, मध्ये मातीचा बांध. बांधाला उघाडी असते. भरतीच्या दाबाने तिची झडप बंद होते. ओहोटी लागली की उघडते आणि पावसाचे पाणी खाडीत जाते. खेकडे बांधाला बिळे पाडतात, म्हणून आम्ही ते पकडून खातो. खांड पडली तर खारे पाणी शेतात शिरते. मग मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ हे भात काढले. ते खार सोसते, पण रोजची भरती नाही. १९७९ साली खारभूमीचा कायदा झाला.

घरचा तांदूळ किती महिने पुरला, यावर आजी वर्ष मोजते. औंदा पाचच. बाबा म्हणतात, रस्ता मागाहून करा, आधी खांड बांधा. मला पण तसेच वाटते. रस्ता पण पाहिजे, शाळेत येताना चिखल असतो.