नीती कागदावर आणि मैदानावर

गेल्या काही दिवसांत वडोदरा, इंदूर, बेंगळुरू अशा गावांहून एकाच प्रकारचा प्रश्न आला. ऑनलाइन खेळात नवं पात्र तयार करताना ‘अलाइनमेंट’ निवडा असं सांगतात, तिथे नेमकं काय निवडायचं? निवृत्त फौजी माणसाला हे विचारावंसं वाटलं, यातच प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. प्रश्न खेळाचा दिसतो, पण मुळात तो शिस्त आणि सदसद्विवेक यांचा आहे.

उदाहरणाला आपण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ घेऊ. हा खेळ २००६ साली आला. ज्या टेबलावरच्या खेळावरून तो बेतला आहे, तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढला. त्या वेळी पात्राच्या तीनच बाजू होत्या: लॉ म्हणजे व्यवस्था, केऑस म्हणजे स्वैरपणा आणि मधली न्यूट्रल. पुढे चांगलं आणि वाईट ही दुसरी मोजपट्टी जोडली गेली. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये तीन गुणिले तीन असे नऊ प्रकार आले. आपल्या ऑनलाइन खेळात इव्हिल, म्हणजे दुष्ट पात्र घेता येत नाही. त्यामुळे हातात सहा पर्याय उरतात.

या दोन मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, हे आधी पक्कं करा. लॉफुल म्हणजे सज्जन नव्हे आणि केऑटिक म्हणजे दुर्जन नव्हे. लॉफुल पात्र नियम, परंपरा, दिलेला शब्द यांना बांधलेलं असतं. केऑटिक पात्र स्वतःच्या मनाचा कौल मानतं. गुड पात्र दुसऱ्यासाठी झळ सोसतं. न्यूट्रल पात्र मुद्दाम कुणाचं वाईट करत नाही, पण परक्यासाठी जीवही धोक्यात घालत नाही.

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते ‘लॉफुल’ शब्दाशी. त्यांना वाटतं, लॉफुल म्हणजे वरून येईल तो हुकूम पाळणारा. हा शब्द आम्हा फौजी लोकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमधलं ४१ वं कलम वरिष्ठांच्या आज्ञाभंगाबद्दल आहे, आणि तिथे आज्ञेच्या आधी हाच शब्द लावलेला आहे: लॉफुल, कायदेशीर. म्हणजे आज्ञा कायद्याला धरून असली पाहिजे, हे शिस्तीच्या कलमातच लिहिलेलं आहे. लॉफुल गुड पात्र खेळायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवा: ते नियम पाळतं ते नियमामागच्या हेतूसाठी, डोळे मिटून नव्हे.

आता व्यवहाराकडे येऊ. पहिली अट वर्गाची आहे. पॅलाडिन व्हायचं तर लॉफुल गुडच असावं लागतं. मंक लॉफुल हवा. बार्बेरियन आणि बार्ड यांना लॉफुल चालत नाही. दुसरा मुद्दा शस्त्रांचा. ‘अ‍ॅनार्किक’ शस्त्र लॉफुल पात्राला जास्त इजा करतं, तर ‘अ‍ॅक्झिओमॅटिक’ शस्त्र केऑटिक पात्राला. दोन्हींपासून वाचतो तो न्यूट्रल. म्हणून हिशेबी खेळाडू ट्रू न्यूट्रल घेऊन मोकळे होतात. त्यात गैर काही नाही, पण ती निवड कवचाची झाली, नीतीची नव्हे. आणि एकदा निवडलेली नीती सहजासहजी बदलत नाही. खेळात ‘ट्रू रीइनकार्नेशन’ नावाची सोय आहे. तिच्यात ती बदलता येते, पण पात्राला खरोखरच पुनर्जन्म घेऊन पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागते!

नीतीच्या जोडीला श्रद्धा येते. क्लेरिक, पॅलाडिन अशा वर्गांना दैवत किंवा पंथ निवडावा लागतो. हा खेळ मुळात घडतो तो एबेरॉन नावाच्या जगात. कीथ बेकर यांनी रचलेलं हे जग २००४ मध्ये पुस्तकरूपात आलं. तिथे सॉव्हरिन होस्ट हा अनेक देवांचा समूह आहे. सिल्व्हर फ्लेम हा पवित्र ज्योतीचा पंथ आहे. एल्फ लोकांचा अनडाइंग कोर्ट आणि ड्राऊ लोकांचा विंचूदेव वल्कूरही आहे. बरेच जण पंथाचं शस्त्र पाहून निवड करतात: होस्टची लाँगसोर्ड, सिल्व्हर फ्लेमचा लाँगबो. मी म्हणेन, थोडं थांबा. एबेरॉनची खुबी अशी की तिथे देव पृथ्वीवर येऊन निवाडा करत नाहीत, आणि पुजाऱ्याची नीती त्याच्या पंथाच्या नीतीशी जुळलीच पाहिजे असं बंधन नाही. सिल्व्हर फ्लेम हा सज्जनांचा पंथ. तरी त्याच्याच अनुयायांनी लांडगा-मानवांसारख्या रूप बदलणाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा कित्येक निरपराध मारले गेले, असं त्या जगाच्या इतिहासात आहे. ध्वज पवित्र असला म्हणून तो धरणारा हात पवित्र होतोच असं नाही.

श्रद्धेबद्दल फौजेतली एक रीत सांगतो. अधिकाऱ्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो, तो आपल्या जवानांच्या मंदिरात, गुरुद्वारात, मशिदीत त्यांच्याबरोबर उभा राहतो. तिथे तो आपली श्रद्धा सोडत नाही, आपल्या माणसांची श्रद्धा सांभाळतो. तुमच्या पार्टीत सहा जण सहा पंथांचे असतील, तर हीच रीत उपयोगी पडते.

मग निवड करायची कशी? पात्राला तीन प्रश्न विचारा. शत्रू शस्त्र टाकून शरण आला तर ते काय करेल? दिलेला शब्द पाळण्यात नुकसान दिसू लागलं तर? नियम एकीकडे आणि अडलेला माणूस दुसरीकडे असेल तर? उत्तरं प्रामाणिकपणे द्या, नीतीचं नाव आपोआप सापडेल. पात्र काय काय करू शकतं याची यादी मोठी असते. पात्र काय करणार नाही, ही यादी छोटी असते, आणि नीती त्या छोट्या यादीत असते.

एक खबरदारी घ्या. ‘माझं पात्र केऑटिक आहे’ ही सोबत्यांना वाऱ्यावर सोडण्याची सबब नव्हे. पडद्यापलीकडे माणसंच बसलेली आहेत.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. टेबलावरच्या जुन्या नियमांत पॅलाडिनने जाणूनबुजून दुष्कृत्य केलं तर त्याची शक्ती जायची, कारण खेळ चालवणारा समोर बसलेला असायचा. ऑनलाइन खेळात असं लक्ष ठेवणारं कुणी नाही. तुम्ही कसेही वागा, कागदावरचं लॉफुल गुड तसंच राहतं. या खेळात सोबती मेला की त्याचा ‘सोल स्टोन’ जमिनीवर पडतो. तो उचलून पुनरुज्जीवनाच्या स्थानापर्यंत नेला तर सोबती पुन्हा उभा राहतो. वाटेत शत्रू असतात, वेळ जातो, आणि घाईतले खेळाडू सरळ पुढे निघून जातात. दगड उचलण्यासाठी मागे फिरलात तर नीतीच्या खात्यात एक गुणही वाढत नाही. आपला पडलेला माणूस मागे ठेवायचा नाही, हे फौजेत प्रत्येकाच्या अंगी बाणलेलं असतं. म्हणून मी खेळाडूचं पात्र ओळखतो ते त्याच्या नोंदीवरून नाही, तो मागे फिरला की नाही यावरून.

तेव्हा पात्र तयार करताना त्याच्या नावाखाली एक ओळ वहीत लिहून ठेवा: हे पात्र अमुक एक गोष्ट कधीही करणार नाही. महिनाभर खेळून झाल्यावर ती ओळ पुन्हा वाचा, आणि ती टिकली का ते मला जरूर कळवा. जय हिंद.