धंद्यात उमेद खचते तेव्हा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून नोकरीची वाट न पाहता स्वतःचा व्यवसाय मांडणारी आपली मुले-मुली आता दिसू लागली आहेत. कुणी शिलाईच्या चार मशिनी टाकतो, कुणी जेवणाचे डबे पुरवते, तर कुणी मोबाइलवर चालणारी एखादी नवी सेवा काढतो. सुरुवातीला हार-पेढे होतात. मग बिलाचे पैसे अडकतात, हप्ता थकतो आणि एके दिवशी गाळ्याचे शटर उघडायलाच मन घेत नाही. आई विचारते, "आज गेला नाहीस का रे?" त्याच्यापाशी उत्तर नसते.

आपल्या घरात वडील गिरणीत, रेल्वेत किंवा महापालिकेत. पगार थोडा, पण तारीख ठरलेली. धंद्याची पिढीजात सवय नाही, पडत्या काळात हात देणारी पुंजी नाही. म्हणून उद्याचे काय, हा प्रश्न आपल्याला जास्त जाळतो. ही त्या मुलाच्या अंगातली खोट नव्हे, एवढे घरच्यांनी आधी ओळखावे.

कल्पनाताई सरोज यांचे उदाहरण आपल्याजवळचेच आहे. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातील ही मुलगी. बाराव्या वर्षी लग्न, सासरी छळ, वडिलांनी माघारी आणले तर गावाचे टोमणे. त्या वेळी तिने जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. त्यातून वाचली आणि मुंबईस आली. शिवणकाम येत असूनही कारखान्यातल्या मशिनीवर भीतीने तिचे हात चालेनात. तेव्हा तिने दिवसाला दोन रुपयांवर धागे कापण्याचे काम धरले आणि मशिनीवर पुन्हा हात बसवला. उमेद आधी आली आणि मग काम झाले, असे नव्हे. आधी छोटे काम झाले, उमेद त्याच्या मागून आली.

पुढे सरकारी योजनेतून कर्ज काढून त्या व्यवसायात उतरल्या. कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा कारखाना १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने कामगारांच्या हाती आला होता, पण पुन्हा डबघाईला गेला. ते कामगार कल्पनाताईंकडे आले तेव्हा सुमारे ११६ कोटींचे देणे आणि १४० खटले डोक्यावर होते. ताईंना त्या धंद्याची माहिती नव्हती. त्यांनी जाणकारांची तुकडी जमवली, प्रश्नाचे तुकडे पाडले आणि बँकांकडे स्वतः जाऊन दंड-व्याज माफ करण्याची बोलणी केली. २००६ साली कारखान्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येकाला कमानी ट्यूब्ज उभी करायची नसते. पण ती रीत लहान गाळ्यालाही लागू पडते. एक वही घ्या. कुणाचे किती देणे, कुणाकडून किती येणे, कोणत्या तारखेला, हे लिहून काढा. मनात ठेवलेले कर्ज रात्री दुप्पट होते, कागदावर ते आहे तेवढेच राहते. घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवा. देणेकरी दाराशी येण्याआधी आपणच त्याच्याकडे जा आणि मुदत मागा. आणि घरात निदान एका माणसाला खरा आकडा सांगा. बायकोचे दागिने गहाण पडल्यावर तिला कळणे, हे कर्जापेक्षा वाईट.

इतके करूनही जमत नसेल तर एक तारीख ठरवा. तोवर मनापासून झटा. त्या दिवशीही हिशेब बसला नाही, तर गाळा बंद करण्यात नामुष्की नाही. बाबासाहेबांचा 'मूकनायक' १९२० साली निघाला आणि १९२३ मध्ये बंद पडला. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' आला, तोही १९२९ मध्ये थांबला. लगेच १९३० साली 'जनता' उभा राहिला. पत्रे बंद पडली, काम बंद पडले नाही.

झोप उडाली, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, अशी वेळ आली तर ती लपवू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येते.

आणि माता-पित्यांनो, संध्याकाळी मुलगा खाली मान घालून घरी आला, तर "किती कमावलेस?" हा प्रश्न एक दिवस राहू द्या. "जेवलास का?" एवढेच विचारा. बाकीचे तो आपणहून सांगेल.