उतारावरची थंडी

मेच्या अखेरीस रायपुरात संध्याकाळचे सहा वाजले तरी भिंती तापलेल्याच असतात. पारा दुपारी ४४-४५पर्यंत चढून आलेला असतो आणि घराघरांत कूलरची घरघर चालू असते. नेमक्या त्याच वेळी इटलीत दुपार असते. तिथे ‘जिरो दि’तालिया’ या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतले स्पर्धक आल्प्स पर्वतातली एखादी खिंड ओलांडत असतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, मधून डांबराची काळी पट्टी. कूलरसमोर बसून हे पाहणाऱ्याला घाट चढणाऱ्यांची दया येते, आणि ते उतरायला लागले की ‘सुटले बिचारे’ असं वाटतं. प्रत्यक्षात त्यांचे खरे हाल तिथूनच सुरू होतात.

५ जून १९८८चा दिवस या शर्यतीच्या इतिहासात त्यासाठीच लक्षात राहिला. त्या दिवशी वाटेत गाविया ही खिंड होती. उंची २,६०० मीटरहून जास्त, रस्ता अरुंद आणि बराचसा कच्चा. सकाळपासून पाऊस होता, आणि वर बर्फ पडत असल्याची खबर होती. तरीही शर्यत सुरू झाली. अँडी हॅम्पस्टन हा अमेरिकी सायकलपटू ज्या ‘सेव्हन-इलेव्हन’ संघाकडून खेळत होता, त्या संघाच्या माणसांनी सकाळीच स्कीइंगच्या सामानाच्या दुकानातून जाड हातमोजे आणि टोप्या विकत घेतल्या. ते खिंडीच्या माथ्याजवळ गरम पेय आणि कोरडे कपडे घेऊन उभे राहिले. बाकीच्या अनेक संघांनी एवढा विचार केला नव्हता.

माथ्यावर सगळ्यांत आधी पोहोचला तो नेदरलँड्सचा योहान व्हान डेर व्हेल्डे, अंगात अर्ध्या बाह्यांची जर्सी. चढाईत त्याने सगळ्यांना मागे टाकलं होतं. पण उताराला लागल्यावर थोड्याच अंतरात तो इतका गारठला, की त्याला थांबून ऊब शोधावी लागली. त्या दिवशी तो विजेत्याच्या मागे तब्बल ४७ मिनिटं राहिला. त्या दिवसाचा टप्पा जिंकला एरिक ब्रॉयकिंक या सायकलपटूने, हॅम्पस्टन त्याच्या ७ सेकंद मागे होता. पण एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला मिळणारी गुलाबी जर्सी हॅम्पस्टनच्या अंगावर आली आणि शर्यत संपेपर्यंत राहिली. जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकी. त्याच्या पायांत ताकद होतीच, पण सकाळच्या त्या खरेदीचाही या विजयात मोठा वाटा होता.

असं का होतं, हे समजायला फार विज्ञान लागत नाही. सायकल चालवताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, तिच्यापैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. उरलेल्याची उष्णता होते. चढावर सायकलस्वार पूर्ण ताकद लावत असतो आणि वेगही कमी असतो. त्यामुळे तो आतून भट्टीसारखा तापतो आणि घामाने भिजतो. माथा ओलांडला की पाय थांबतात, भट्टी विझते, आणि त्याच ओल्या कपड्यांनिशी तो ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात शिरतो. हवा शून्य अंशावर असेल, तर त्या वेगाच्या वाऱ्यात उघड्या कातडीला ती उणे ९ अंशांसारखी लागते. शिवाय दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटतं, म्हणजे पायथ्याशी सुखद वाटणारी हवा माथ्यावर बोचरी झालेली असते. सगळ्यांत आधी बोटं दगा देतात. ब्रेक दाबायचा तर तो बोटांनीच. ती बधिर झाली की वळणावर सायकल आवरत नाही.

म्हणूनच युरोपात माथ्यावर उभे असलेले प्रेक्षक सायकलपटूंच्या हाती वर्तमानपत्र देत, आणि ते जर्सीच्या आत छातीवर खुपसून पठ्ठे उताराला लागत. वारा अडवायला याहून स्वस्त उपाय सापडणं कठीण.

रायपूरच्या माणसाला या प्रकाराचा सौम्य अनुभव हवा असेल, तर जगदलपूरच्या वाटेवर केशकाल घाट आहे आणि जबलपूरच्या वाटेवर चिल्फी. श्रावणाच्या सरींमध्ये यांतला कुठलाही घाट सायकलने चढून लगेच उतरलं, तर या सपाट आणि उष्ण मुलखातही दात वाजू शकतात. आल्प्समध्ये उतार अर्धा-पाऊण तास चालतो, एवढाच काय तो फरक. आणि तो फार मोठा आहे.

गावियासारखा दिवस आज होऊ देतील का? बहुधा नाही. आता आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची वाईट हवामानासाठी ठरावीक नियमावली आहे. गोठवणारा पाऊस, रस्त्यावर साचलेला बर्फ, जोराचा वारा, टोकाचं तापमान, धूसर झालेली वाट, यांपैकी काही समोर आलं की आयोजक, संघ आणि सायकलपटूंचे प्रतिनिधी एकत्र बसतात. मग सुरुवातीची वेळ किंवा जागा बदलायची, रस्ता बदलायचा, मधला एखादा भाग शर्यतीतून वगळायचा की दिवसच रद्द करायचा, हे ठरतं. जुन्या जमान्याचे चाहते यावर नाकं मुरडतात. पण कुडकुडणाऱ्या माणसांना घसरड्या उतारावर सोडण्यात कसली मर्दुमकी, हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

तरी हवामान कधी कधी बैठकीची वाट पाहत नाही. २६ जुलै २०१९ रोजी ‘तूर द फ्रान्स’चे सायकलपटू इझरान ही २,७०० मीटरहून उंच खिंड ओलांडत असताना पलीकडच्या दरीत गारांचा मारा झाला आणि दरडीचा चिखल रस्त्यावर आला. बर्फ हटवणारं यंत्र रस्त्यावरचं गारांचं पाणी ढकलतंय, हे दृश्य ऐन जुलैत जगभर दिसलं. सायकलपटू उतारावर असतानाच शर्यत थांबवली गेली आणि माथ्यावरची वेळ ग्राह्य धरली. कोलंबियाचा एगन बर्नाल त्या क्षणी पुढे होता. फ्रान्सच्या ज्युलियन अलाफिलिपकडची आघाडीची पिवळी जर्सी त्याच्याकडे आली, आणि दोन दिवसांनी पॅरिसमध्ये तो ही शर्यत जिंकणारा पहिला कोलंबियन ठरला.

या सगळ्यात मराठी माणूस कुठे? युरोपच्या या मोठ्या शर्यतींत नाही. पण त्यांच्या आडदांड भावंडांमध्ये तो आहे, आणि तो मुख्यतः नाशिक-नागपूरकडचा, त्यातही डॉक्टर. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुटते आणि सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर पूर्व किनाऱ्यावर संपते. तिला टप्पे नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की झोपेतही चालूच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये आळीपाळीने सायकल चालवून ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. जोडीने ती पार करणारे ते पहिले भारतीय. एकट्याने पार करण्यासाठी बारा दिवसांची मुदत असते. २०१७मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोचले, आणि काही तासांनी, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत, नागपूरचे डॉ. अमित समर्थ. आदल्या वर्षी गोकुलनाथांना ही शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती.

नागपूर-रायपूरच्या माणसाला ॲरिझोनातला चाळिशीपारचा उकाडा ओळखीचा वाटेल. अनोळखी असतं त्यानंतरचं. वाळवंट मागे पडतं न पडतं, तोच रस्ता कोलोरॅडोतल्या ‘वुल्फ क्रीक’ खिंडीवर चढतो, ३,३०९ मीटरवर. दोनेक दिवसांत शरीर भट्टीतून काढून शीतपेटीत ठेवल्यासारखं होतं, आणि तेही अपुऱ्या झोपेवर. इथे निर्णय घ्यायचे ते मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसांनी. जॅकेट कधी द्यायचं, काय खाऊ घालायचं, किती मिनिटं झोपू द्यायचं, हे थकलेल्या सायकलस्वाराला सुचत नाही. रात्री तर या गाडीच्या दिव्यांच्या उजेडाबाहेर त्याने चालवायचंच नाही, असा नियम आहे. २०१९मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी ही शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या ताफ्याची सूत्रं सपना राचुरे या त्यांच्या बहिणीकडे होती. बातम्यांत मात्र नाव येतं ते एकट्याचं.

टप्प्यांची शर्यतही समर्थांनी सोडली नाही. २०१८च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला निघाले. ‘ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम’ नावाची ती शर्यत ९,००० किलोमीटरहून लांब होती आणि १५ टप्प्यांत विभागलेली. उरल पर्वत ओलांडायचा, बैकल सरोवराच्या बाजूने जायचं आणि मग पूर्वेकडचा तो कुप्रसिद्ध टप्पा: चिता ते स्वोबोदनी, तेराशेहून अधिक किलोमीटर, एका दमात. म्हणजे रायपूरहून नागपूरला जाऊन परत यायचं, तेही दोनदा, आणि तरी अंतर उरतंच. टप्प्यांच्या मध्ये विश्रांती मिळायची खरी, पण जो आधी पोहोचेल त्याला जास्त आणि जो रखडेल त्याला कमी. म्हणजे ज्याला झोपेची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला ती कमी यायची. ती शर्यत पूर्ण करणारे समर्थ पहिले भारतीय ठरले.

जानेवारी २०२६मध्ये महाराष्ट्राने अशी टप्प्यांची शर्यत स्वतःच्या अंगणात भरवली. ‘पुणे ग्रँड टूर’ हे तिचं नाव. पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवरून ४३७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या वेळापत्रकात नोंदलेली, पुरुषांची. सह्याद्रीतले चढ त्यात होते, गारठा मात्र नव्हता. जानेवारीतली पुण्याची कोरडी हवा ही सायकलपटूंना मिळालेली मेहेरबानीच. हीच शर्यत जुलैत, मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात ढग रस्त्यावर उतरलेले असताना ठेवली, तर वाईट हवामानाच्या त्या नियमावलीची निम्मी कलमं पहिल्याच दिवशी लावावी लागतील. रायपूरहून आझाद हिंद एक्सप्रेस थेट पुण्याला जाते. पुढच्या खेपेला कुणी ही शर्यत पाहायला निघालंच, तर घाटमाथ्यावर गर्दीत उभं राहण्यापेक्षा उतारावरचं एखादं वळण निवडावं आणि ब्रेकवरची बोटं पाहावीत.